जानबाजारची खोली

पूरबीने गादीचा कोपरा उचलला आणि शिवणीतून नख फिरवलं. मग दुसरा कोपरा उचलला. तिच्या विष्णुपूरच्या मैत्रिणी, झरना आणि तापसी, दारातच उभ्या होत्या. खांद्यावरच्या पिशव्यासुद्धा त्यांनी खाली ठेवल्या नव्हत्या.

"आहेत का गं?" तापसीने विचारलं.

"कोण?"

"कोण म्हणजे? ढेकूण."

"एक नाही." पूरबीने गादी सोडली, चादर सारखी केली आणि मग न्हाणीघराचं दार ढकललं. बादली होती. तिच्यात प्लॅस्टिकचा मग होता. गरम नळ सोडल्यावर तो जरासा खाकरला, पण कढत पाणी आलं. तिने हात पदराला पुसला, येऊन खिडकी उघडली. समोर भिंत नव्हती. खाली कलकत्त्यातल्या जानबाजारची गल्ली होती, संत्र्यांच्या हातगाड्या होत्या, आणि उन्हात पाठ करून बसलेली माणसं होती.

"ठेवा पिशव्या," ती म्हणाली. एवढं बोलताना मान जरा ताठ झाली, ते तिलाही कळलं.

झरना शाळेत बाई होती, गेल्या वर्षीच निवृत्त झालेली. तिने आधी चष्मा पुसला, मग खोली पाहिली. "पूरबी, अगं, फोनवर सांगितलं होतंस तश्शीच आहे. मला वाटलं होतं, तू आमची समजूत काढतेयस."

"मला तर अजून वाटतंय," तापसी म्हणाली आणि बिछान्यावर बसून दोनदा उसळून पाहिलं. विष्णुपुरात तिच्या नवऱ्याचं मिठाईचं दुकान होतं. कोणतीही वस्तू दाबून पाहिल्याशिवाय तिचा विश्वास बसत नसे.

ही खोली शोधायला पूरबीला पुऱ्या हेमंताचे दिवस लागले होते. पुतण्याने आपल्या फोनवर तिला एकामागून एक हॉटेलं दाखवली होती. सगळीकडे पांढरी चादर आणि तिच्यावर टॉवेलाचे दोन हंस. जो माणूस टॉवेल अंग पुसायला ठेवायचा सोडून त्याचे हंस करत बसतो त्याच्या नळाला पाणी असेल यावर पूरबीचा विश्वास बसेना. शिवाय ती सगळी स्वस्त हॉटेलं कुठल्या कुठे, विमानतळाकडे नाहीतर नव्या शहरात. पुतण्या म्हणाला, "काकी, बसने तासाभरात शहराच्या मध्यावर याल की." काकी म्हणाली, "आणि दुपारचं काय?" भात-मासळी जेवल्यावर तासभर आडवं न होणारा माणूस विष्णुपुरात अजून जन्माला यायचा होता. जेवून तासभर बसमध्ये हिंदकळायचं, मग पोचून झोपायचं, ती झोप कसली, ती बेशुद्धी. खोली हवी ती अशी, की हात धुवावेत आणि चालत येऊन पडावं.

म्हणून तिने पुतण्याकडून नुसते नंबर घेतले आणि दुपारी ब्लाउजांची शिलाई बाजूला सारून एकेकाला स्वतः फोन लावला. बादली आहे का, खिडकी कशावर उघडते, खाली भाताचं हॉटेल आहे का. बरेच जण हसले, काहींनी फोन ठेवला. इथल्या म्हाताऱ्या मॅनेजरने, बटुकबाबूंनी, मात्र उलट विचारलं होतं, "मासा कोणता लागतो तुम्हाला?" तिथेच ठरलं.

भाड्याचं म्हणाल तर तिघींत वाटल्यावर ते काही फार नव्हतं. बेहालाला बडदीकडे उतरायचं तर मोतीचुराचे लाडू, गूळ, नातवाला स्वेटर, सुनेला साडी असं जे न्यावं लागे, त्यात असली खोली सहज बसली असती. पण हे हिशेब सांगायचे नसतात.

बडदी म्हणजे पूरबीच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न झाल्यापासून पूरबी कलकत्त्याला आली ती बडदीकडेच, आणि आली ती कामाला: डॉक्टर, लग्न, श्राद्ध. घर लहान. तिची गादी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या बोळात पडायची. जो उठेल तो तिला ओलांडून जायचा. कोणाचा दोष नव्हता. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ती चहा ठेवायची, मासे चिरायची, आणि कलकत्ता खिडकीतून जेवढं दिसे तेवढं पाहून परत जायची. पन्नाशी उलटली तेव्हा एक दिवस मनात आलं, या शहरात आपण एकदा कोणाच्याही घरच्या न होता राहावं. कारण नसताना. आपल्या किल्लीने दार उघडून.

नवरा म्हणाला होता, "हॉटेल? बहिणीचं घर असताना? आणि तुला काय कळतंय हॉटेलातलं?"

"खोली वाईट निघाली तर मी स्वतःच्या पायांनी बेहालाला जाईन," ती म्हणाली होती, "आणि पुन्हा हॉटेलाचं नाव काढणार नाही."

आता खोली तर चांगली निघाली होती. घोटाळा सकाळीच झाला होता, आणि तो तिने स्वतःच केला होता. हावड्याला गाडीतून उतरली, फलाटावर पाय ठेवला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने बोटांनी बडदीचा नंबर लावला. पोचलो, हे कळवायचं असतं. बंगाल्याला गाडीतून उतरल्यावर ते कळवल्याशिवाय घशाखाली पाणी उतरत नाही.

"पोचलात? कुठली बस घेतेयस, छोटोबऊ?" पलीकडून बडदीने विचारलं.

आणि धाकटी सून खोटं बोलू शकली नाही. "जानबाजारची. तिथे बटुकबाबूंच्या लॉजवर उतरतोय."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज.

त्यामुळे दारावर थाप पडली तेव्हा तिघींपैकी कोणीही "कोण आहे" असं विचारलं नाही.

बडदी जिना चढून धापा टाकत होती. अंगावर करडी शाल, कानाला मफलर, एका हातात डबा, दुसऱ्या हातात फुगलेली पिशवी.

"मी मेले का गं?"

"बडदी, आत तर या."

"नाही, आधी सांग. मी मेले का, की बेहालाच्या घरावर वीज पडली? विष्णुपूरची सून येऊन लॉजमध्ये उतरली हे मी शेजारणीला कसं सांगू?"

"शेजारणीला सांगायचंच कशाला?" तापसी म्हणाली.

"तू गप. तुझ्या दुकानातली संदेश मिठाई हल्ली कोरडी लागते." बडदीने डबा टेबलावर आदळला. "मटारच्या कचोऱ्या आहेत. खा आणि सामान भरा. बस सरळ जाते."

पूरबीने खुर्ची उचलली, खिडकीपाशी उन्हात ठेवली. "बसा. चहा सांगते." मग दारात जाऊन जिन्यावरून खाली हाक दिली, "बटुकबाबू, वर चार चहा. एक बिनसाखरेचा." हाक देताना आवाज कापला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

चहा येईपर्यंत बडदीने खोलीची झडती घेतली. कपाटावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. न्हाणीघरात जाऊन नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला.

"गरम येतंय," ती आतून म्हणाली. तक्रार केल्यासारखी.

"हो."

"किती वेळ येतं?"

"हवा तितका वेळ."

बडदी बाहेर आली. "चादर आखूड आहे," तिने निकाल दिला आणि उन्हात बसली.

बेहालाला जायचं की नाही हा विषय कचोऱ्यांबरोबर निघाला, चहाबरोबर तापला, आणि मग जेवायची वेळ झाली म्हणून तसाच राहिला. उपाशी पोटी सामान भरायला कोणीही तयार नव्हतं, बडदीसुद्धा. चौघी खालच्या भाताच्या हॉटेलात गेल्या. तिथे केळीच्या पानाचे पैसे वेगळे, लिंबाच्या फोडीचे वेगळे. त्यावरून बडदी वाढप्याशी भांडली, आणि भांडता भांडता मोहरीतला पारशे मासा तिच्या पानात पडला. तिने एक घास घेतला. मग ती भांडायची थांबली.

"तुम्हाला आणखी भात?" वाढप्याने विचारलं.

बडदीने सवयीने आधी बाकीच्यांच्या पानांकडे पाहिलं. कोणाला काय हवं, भांड्यात किती उरलंय, हे पाहून मगच ती स्वतःला वाढून घेत आली होती. इथे भांडं दिसत नव्हतं. "वाढ," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "वाढ रे."

"बडदी, तुम्ही या बाजूला येता की नाही कधी?" झरनाने विचारलं.

"येते की. दुर्गापूजेच्या खरेदीला. पोरं हरवू नयेत म्हणून खाली बघत. वर काय आहे ते कधी बघितलं नाही." मासा संपवून तिने काटे पानाच्या कडेला नीट ओळीने लावले.

पैसे देताना तिचा हात कनवटीला गेला. पूरबीने तो मनगटाशी धरला आणि सोडला नाही. बडदीने एकदा हाताकडे, एकदा भावजयीकडे पाहिलं. मग हात मागे घेतला.

वर आल्यावर ती म्हणाली, "जरा पाठ टेकते. मग निघू."

ती खिडकीजवळच्या बिछान्यावर आडवी झाली, शाल छातीपर्यंत ओढून घेतली, आणि "निघू" हा शब्द पुरता विरायच्या आत घोरायला लागली. तोंड किंचित उघडं होतं. घरी तिला असं झोपलेलं पूरबीने कधी पाहिलं नव्हतं. मुलाचं लग्न झाल्यापासून बडदीचा बिछाना बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर होता आणि दुपारी तिथे नातवाची शिकवणी चाले.

बाकीच्या दोघी दुसऱ्या बिछान्यावर दाटीवाटीने बसल्या.

"आता काय?" झरना कुजबुजली. "संध्याकाळी पार्क स्ट्रीटला नाताळचे दिवे बघायचे होते."

"उठली की नेणार आपल्याला," तापसी म्हणाली. "माझ्या सासूलाही असंच होतं. झोप झाली की अंगात नवा जोर येतो. पूरबी, तू काहीतरी बोल बाई. खोली तू घेतलीस."

बडदीला नाही म्हणायचं म्हणजे काय, हे पूरबीला माहीत होतं. ते बेहालाहून विष्णुपूरला, तिथून दुर्गापूरच्या मधल्या नणंदेकडे जाणार, आणि पुढल्या प्रत्येक लग्नात ताटावर येणार. तरीही तिने किल्ली टेबलावरून उचलली आणि मुठीत धरली. जायचं असेल तर ज्याने त्याने जावं. ती ही खोली सोडणार नव्हती. बडदी उठल्यावर हे कोणत्या शब्दांत सांगायचं, तेवढंच ती मनात जुळवत राहिली.

फोन वाजला. बडदीचा होता, उशाशी. ती दचकून उठली, कानाला लावला. सुनेचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. नातवाचा मोजा कुठे आहे, गॅसवाला येऊन गेला का, रात्री पोळ्या करायच्या की भात.

बडदीने सगळं ऐकून घेतलं. डोळे खिडकीकडे होते. ऊन आता समोरच्या गच्चीवर चढलं होतं, खाली कोणीतरी केकच्या डब्यांची चळत घेऊन चाललं होतं.

"मोजा खाटेखाली बघ," ती म्हणाली. "आणि हे बघ, मी आज येत नाही. छोटोबऊ सोडतच नाहीये. काय करू? हट्टच धरून बसली आहे. बोलली, दिवे दाखवल्याशिवाय पाठवणार नाही."

दिव्यांची गोष्ट तर बडदी घोरत असताना निघाली होती; झरना आणि तापसीने एकमेकींकडे पाहिलं. पूरबीने मनात जुळवलेले सगळे शब्द जागच्या जागी राहिले.

बडदीने फोन ठेवला आणि शाल नीट करायला लागली. फार वेळ नीट करत राहिली.

"बटुकबाबूंना सांगावं लागेल," पूरबी म्हणाली. "तुमचं आधार कार्ड आहे का जवळ, बडदी?"

"पिशवीत बघ."

पूरबीने फुगलेल्या पिशवीची चेन उघडली. कार्ड वरच होतं. त्याच्याखाली रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी होती, घडी केलेला रात्रीचा झगा होता, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला दात घासायचा ब्रश.

तिने वर पाहिलं. बडदी खिडकीबाहेर संत्र्यांचा भाव ऐकत होती, फार लक्ष देऊन.

पूरबीने कार्ड काढलं आणि चेन हळूच बंद केली.

खाली बटुकबाबू स्वेटरवर कोट घालून वर्तमानपत्र वाचत होते.

"आणखी एक गादी लागेल," ती म्हणाली.

"कोण आलंय?"

"माझ्याकडे पाहुण्या आल्यात. राहतील आता." कार्ड पुढे ठेवताना तिने पदर सारखा केला. "आणि हे बघा, उशा दोन पाठवा. त्यांना एकीवर झोप येत नाही."