अर्धं पेर रिकामं

मी उजव्या हाताचा हातमोजा बोलतोय. सायकल चालवताना घालायचा, लहान मुलांचा. माझा जुळा भाऊ, डावा, माझ्या शेजारीच आहे, पण त्या दिवसापासून त्यानं बोलणं सोडलंय. म्हणून दोघांच्या वतीनं मीच बोलतो. मला जरा घाई आहे. थोड्या वेळात आम्हाला इथून घेऊन जाणार आहेत आणि त्याआधी एक गोष्ट कोणाच्या तरी कानावर घालायलाच हवी.

सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्हाला पटायचं नाही.

माझा जन्म शिलाई यंत्रांच्या एका लांबट खोलीत झाला. मला शिवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. लहान मापाचं काम आलं की मावशी कपाळाला हात लावायच्या. "मोठ्यांचे दहा शिवीन, पण हा एक नको," त्या शेजारणीला म्हणायच्या. "कापड चिमूटभर, शिवण तेवढीच, आणि बोट उलटवायला आत काडीसुद्धा जात नाही."

हातमोजा आधी उलटा शिवतात आणि मग आत काडी घालून एकेक बोट सुलटं करतात. माझी करंगळी सुलटी करताना मावशींची काडी मोडली. "आठ वर्षांच्या खालचं माप आणलंत तर मी रजेवर," असं त्यांनी मुकादमाला बजावलं होतं. मुकादमानं त्यांना रजा दिली नाही, आठच्या खालचं मापच बंद केलं. म्हणून माझ्या मनगटावरच्या पट्टीवर छापलं आहे : वय आठ ते दहा.

दुकानात आम्ही हेल्मेटांच्या खाली एका खिळ्याला लटकलो होतो. मोठ्यांसाठी तिथे भिंतच्या भिंत भरलेली होती. मुलांच्या कोपऱ्यात घंट्या, टोपल्या आणि रंगीत फिती होत्या. कपड्यांचं विचारलं की दुकानदार म्हणायचा, "मुलं काय, आहे त्या कपड्यांवर चालवतात."

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक बाई आल्या. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच होतं. "सहा वर्षांच्या मुलीसाठी सायकलचे हातमोजे आहेत का? पूर्ण बोटांचे, तळव्याला गादी असलेले?" त्यांनी हे एका दमात म्हटलं. हेच वाक्य त्या किती ठिकाणी बोलल्या असतील, ते माझ्या लक्षात आलं.

"हे आठवं दुकान," त्या म्हणाल्या. "एकानं लोकरीचे दाखवले. एकानं भांडी घासायचे."

दुकानदार हसला, पण बाई हसल्या नाहीत. त्यानं आम्हाला खिळ्यावरून काढलं. "हे आठचे आहेत. घेऊन जा. वाढत्या अंगाचे होतील."

"हात बघायला नको?"

"मुलीला आणलंय का?"

"तिचे हात अजून पट्टीत आहेत," बाई म्हणाल्या. मग न विचारताच त्या सांगू लागल्या. त्या कपड्यांना इस्त्री करत होत्या, दारावर कुरिअरवाला आला म्हणून उठल्या. मुलीनं टेबलावरून इस्त्री कलंडताना पाहिली आणि ती दोन्ही हातांनी झेलायला गेली. आता जखमा भरल्या होत्या. पण कातडी नवी, पातळ. वर्षभर उघड्या हातानं हँडल, दोरी, झोपाळा काही धरायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गुरुवारी पट्ट्या निघणार होत्या आणि त्याच दिवशी सायकल पुन्हा चालवायला देईन, असं त्या लेकीला कबूल करून बसल्या होत्या.

त्यांनी आमच्याबरोबर गुडघ्यांना गादी लावलेली पँट आणि एक जाकीट घेतलं. तेही आठचंच. घरी त्यांनी पँटचा काठ दोनदा दुमडला, जाकिटाच्या बाह्या दुमडल्या. वाढत्या अंगाचं म्हणून घेतलेलं सगळं असं दुमडून भागतं. बोटं मात्र दुमडता येत नाहीत.

मुलीला घरात मुंगी म्हणतात. गुरुवारी तिचा हात माझ्यात आला आणि मला धसका बसला. तिची बोटं माझ्या टोकापर्यंत पोहोचलीच नाहीत. प्रत्येक बोटात अर्धं पेर जागा रिकामी होती. तळव्यावर माझं चामडं सैल पडलं होतं.

"दुखत नाही ना गं?" आईनं विचारलं.

"नाही."

"बसले का नीट?"

"बसले," मुंगी म्हणाली. तीन महिने तिनं सायकलकडे खिडकीतून पाहिलं होतं. तिला पोतं घातलं असतं तरी ती बसलं म्हणाली असती. बूट घेताना माणसं टोक दाबून बघतात, अंगठा कुठे आहे ते चाचपतात. माझं टोक कोणी दाबलं नाही. तो हात दाबायची आईची हिंमतच नव्हती.

घरामागच्या सपाट बोळात मामानं तिची सायकल आणली. साखळीला तेल घातलेलं होतं. "काय मुंगीबाई, रस्ता कोणाच्या नावावर करू?" तो म्हणाला. मुंगी हसत निघाली. बोळाच्या शेवटी लोखंडी फाटक आहे. तिथे तिनं ब्रेक दाबला.

दाबला. मी साक्षीदार आहे. पण माझी रिकामी टोकं दुमडून ब्रेक आणि मुठीच्या मध्ये गेली, सैल चामड्याचा तिथेच बोळा झाला आणि ब्रेक अर्ध्यात अडला. डाव्याकडेही तेच. सायकल फाटकावर आदळली. तिला लागलं नाही.

"अगं, ब्रेक दाबायचा असतो. विसरलीस होय?"

"दाबला, मामा."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तिनं पाय टेकवून सायकल थांबवली. ब्रेक कडक असेल म्हणून मामानं त्याची तार जरा सैल करून पाहिली, मग स्वतः एका बोटानं ब्रेक दाबला. "लोण्यासारखा चालतोय की," तो म्हणाला. तार सैल करूनही मुंगी पुन्हा फाटकावर गेली. तेव्हा मामा हळूच आईजवळ आला. "ताई, हातातला जोर गेलाय का गं तिच्या?"

आईचा चेहरा उतरला.

मी ओरडलो. चामड्याला जेवढं करकरता येतं तेवढा करकरलो. त्यांना वाटलं, नवा आहे म्हणून आवाज करतोय.

त्या दिवसापासून आम्ही दारामागच्या खुंटीवर आहोत. शेजारच्या खिळ्याला कात्री असते. मी रोज तिच्याकडे बघून म्हणायचो, कापा माझी टोकं, पाचही कापा, तिची बोटं बाहेर येऊ द्या. पण नव्या वस्तूला कात्री लावायचं कोणाच्या मनात येणार? आणि दोष माझा आहे हे तरी कोणाच्या मनात आलंय?

"डॉक्टरांना विचार ना एकदा," मामा फोनवर म्हणाला. फोन टेबलावर ठेवलेला होता, म्हणून मला ऐकू आलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"विचारलं आणि ते हो म्हणाले तर?" ती म्हणाली. "मग मी काय करू, ते सांग."



आई आता मुंगीची बटणं लावून देते, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून देते. एकदा मुंगीनं बरणीचं घट्ट झाकण एकटीनं फिरवून काढलं. मी खुंटीवरून पाहिलं. इतक्यात आई आली आणि तिनं बरणी हातातून काढून घेतली. "राहू दे, ताण येईल." मुंगीनं मुकाट्यानं हात मागे घेतले. पहिल्यांदा ती फक्त ब्रेकबद्दल म्हणायची, मला नाही जमत. मग नळाबद्दल म्हणाली. परवा शाळेतून चित्राची वही कोरीच आणली आणि तेच म्हणाली. सहा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हातांवर विश्वास ठेवायला किती दिवस लागतात मला माहीत नाही. तो जायला पंधरा दिवस पुरले.

शेवटी आईनं ठरवलं, सायकल मामाच्या मुलीला द्यायची. "डोळ्यांसमोर नको," ती म्हणाली.

मामाची मुलगी आठ वर्षांची आणि उंच. मामा तिला शिडी म्हणतो. आज सकाळी दोघं गाडी घेऊन आली. शिडीनं मला हातात चढवलं आणि तिची बोटं थेट माझ्या टोकाला जाऊन भिडली. पहिल्यांदा मी पूर्ण भरलो. माझ्या आयुष्यात एवढा वाईट क्षण दुसरा आला नाही.

तिनं बोळातून एक फेरी मारली, फाटकाजवळ ब्रेक दाबला आणि सायकल जागच्या जागी थांबली.

"आत्या, अगदी माझ्या मापाचे आहेत," ती म्हणाली.

सायकल बांधायची दोरी आईच्या हातात होती. ते ऐकून तिचा हात क्षणभर थांबला. मला वाटलं, आता कळलं. आता ती मुंगीकडे बघेल, माझ्याकडे बघेल, माझं टोक चाचपेल.

"मग तेही घेऊन जा," आई म्हणाली. "तुला तरी उपयोगी पडतील."

मुंगी पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "शिडीताईचे हात चांगले आहेत." रुसून नाही म्हणाली. साधं, पाढा म्हणावा तसं म्हणाली. मामा गाठ मारत राहिला.

आता सायकल गाडीच्या टपावर आहे आणि मी खिडकीत, शिडीच्या हातावर. ती मला हलवून निरोप घेते आहे. समोर आईनं मुंगीला मनगटापाशी धरलंय. पट्ट्या निघाल्यापासून तिला सगळे तसंच धरतात. पंजा कोणी धरत नाही.

मामानं गाडी सुरू केली आहे. माझ्याकडे आता वेळ नाही, म्हणून तुम्हाला विनवतो. तुम्ही तिचे कोणीही असा, शेजारी असा, शाळेतल्या बाई असा, बाकावरची मैत्रीण असा. तिच्या घरी जा. सायकल परत आणली नाहीत तरी चालेल, मला तर आणूच नका. फक्त तिचा पंजा आपल्या हातात घ्या आणि म्हणा, दाब. आई नको म्हणेल, तरी म्हणा. अंगात असेल तेवढा जोर लावून दाब.

तुमची बोटं दुखतील.