विहिरीवरचा शब्द

"आज फेरात माझ्या शेजारी उभी राहू नकोस, आई."

सॅबिनने केसांना फीत बांधत, आईकडे न बघता सांगितलं. तिची आई हॉवीज चीज दाबायला त्यावर दगड ठेवत होती. मी पावा घेऊन गोठ्याच्या दारात मायलेकींना बोलवायला आलो होतो. सणाचा सोमवार, आणि चर्चच्या आवारातला नाचगाण्याचा फेर हॉवीजशिवाय सुरू होत नसे.

"मग कोण उभं राहणार शेजारी? जहागिरीचा तो कारकून?" हॉवीजने विचारलं.

"एव्हरार्ड नाव आहे त्यांचं. त्यांनी मला शब्द दिलाय. विहिरीवर."

"साक्षीला कोण होतं? बादली?"

सॅबिन तडक निघून गेली. हॉवीजने दगड नीट बसवला, हात पुसले आणि मला म्हणाली, "चल जॉर्डन. आज जरा सावकाश वाजव."

आमच्याकडे लग्न लावायला पाद्री लागतोच असं नाही. 'मी तुला बायको करतो' एवढं दोघा माणसांसमोर म्हटलं, की झालं लग्न. मग बिशपसुद्धा ते मोडू शकत नाही. साक्षीदार नसले तर मात्र शब्द वाऱ्यावर गेला. हॉवीजला हे कुणी शिकवायला नको. तिलाही एका गोड गळ्याच्या माणसाने शब्द दिला होता, कुंपणाआड. लिंकनला बिशपच्या न्यायसभेत त्याने सरळ कानांवर हात ठेवले. पोटातली सॅबिन घेऊन ती तिथून पायी परत आली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धारा काढायला हजर झाली.

त्या माणसाचं गाणं मात्र गावात राहिलं. फेरात पुरुष विनवतो, बाई टोलवते, शेवटी हो म्हणते. आणि शेवटच्या कडव्यात तिचं पोट वाढलेलं, तो पसार. लोक हसतात ते त्याच कडव्याला. बाईची बाजू दरवर्षी हॉवीज गायची आणि ते शेवटचं कडवं सगळ्यात मोठ्याने गायची. आपल्याला मारायचा दगड तिने आपल्याच हातात घेऊन ठेवला होता. मला तिचं फार कौतुक वाटायचं. बोललो कधी नाही.

त्या दिवशी पुरुषाची बाजू एव्हरार्डने धरली. सॅबिनचा हात त्याच्या हातात होता. गळा काय होता पोराचा!

*कुंपणाला फुलं आली गं, रान झालं हिरवं,*
*नाही म्हणशील, मरेन उद्या. हो म्हण, मला जगव.*

इतकी वर्षं पावा वाजवतोय, पण 'नाही' ऐकून मेलेला एकही पुरुष मी पाहिला नाही. 'हो' म्हणून मेलेल्या बाया मात्र दोघीतिघी पुरल्यात याच आवारात.

हॉवीज नेहमीसारखी टोलवत गेली. बाईच्या 'हो'ची पाळी आली तेव्हा ती थांबली. फेरही थांबला. मग तिने त्याच चालीवर नवंच काही म्हटलं:

*विहिरीपाशी बोललास जे, इथे बोल मोठ्यानं,*
*गाव उभं साक्षीला रे, नाव घे तिचं ओठानं.*

मी पावा खाली घेतला. खरं सांगतो, त्याने म्हणावं असंच मला वाटत होतं. एवढे चार शब्द, आणि पोरगी सगळ्यांदेखत त्याची बायको झाली असती. हॉवीजलाही तेच हवं होतं. तिचे डोळे त्याला विनवत होते. सॅबिन तर त्याच्याकडे असं बघत होती की मलाच तिकडे बघवेना.

एव्हरार्डने आजूबाजूला पाहिलं. मग तो हसला. "मावशी, गाणं आहे हो हे. गाण्यात कसले साक्षीदार?"

कुणीच हसलं नाही. सॅबिनने हात सोडवून घेतला आणि फेरातून बाहेर पडली. आईच्या अगदी जवळून गेली, पण थांबली नाही.

कापणी येईपर्यंत ती आईशी बोलली नाही. एव्हरार्ड केव्हाच दुसऱ्या जहागिरीत गेला होता. हॉवीज काम करत राहिली, पण खंगली. फेरात उभी राहिना.

एका संध्याकाळी मी गोठ्यावरून जात होतो. आतून पुरुषाचं कडवं ऐकू आलं, कुंपणाच्या फुलांचं. डोकावलो तर हॉवीज; गाईच्या कुशीला कपाळ टेकून धार काढता काढता गात होती.

"ज्या गाण्यानं घात केला, तेच गातेस?" मी म्हणालो.

"घात माणसानं केला, जॉर्डन. गाणं चांगलं आहे." ती धार काढतच राहिली. "मला कुणी तसं पुन्हा म्हटलं नाही. मग मीच म्हणते."

तेवढ्यात पलीकडच्या गाईमागून सॅबिनचा आवाज आला, जरा बसलेला. ती बाईची बाजू गात होती, आईने फेरात म्हटलेलं ते नवं कडवं धरून.

हॉवीजचे हात थांबले. गाईने मान वळवून पाहिलं, तशी ती पुन्हा धार काढू लागली. मी पावा कमरेलाच राहू दिला.