समुद्रातून आलेला मेस्त्री

वासुदेव कारखान्याच्या ट्रेनिंगसाठी चार महिने जपानला राहून आला आणि सुचेतासाठी सहा कपांचा चहाचा सेट घेऊन आला. कप फुटू नयेत म्हणून त्याने खोक्यात खाली एक आणि वर एक, अशी टेलिफोन डिरेक्टरीएवढी जाड चित्रांची दोन पुस्तकं ठासली होती. तरी एक कप फुटलाच. पुस्तकांना मात्र ओरखडाही आला नव्हता, हे सुचेताने नीट लक्षात ठेवलं.

उघडून बघितलं तर पानोपानी एक जनावर. घोरपडीला रेड्याची मान जोडावी आणि वरून फणसाची साल चढवावी, तसलं काहीतरी. देवळाच्या गोपुराहून उंच. अंगावर एवढं मांस, आणि कामधंदा काय, तर शहरभर हिंडणं. वासुदेव जेवताना कौतुकाने सांगत होता, की तिकडे टाय लावलेले बाप्ये ऑफिसला जाता-येता हेच वाचत असतात. मग ती मशिनं कोण बनवतं, त्यांच्या बायका का, असं सुचेताने विचारलं आणि त्याच्या पानात भात वाढला.

पुस्तकं रद्दीतच जायची. त्याआधी ती अण्णांच्या हाती लागली.

अण्णा म्हणजे भगवंतराव, तिचे सासरे. वय एक्याऐंशी. अडतीस वर्षं सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन. बंगळूरच्या मल्लेश्वरममधलं हे घरही त्यांनी आधी कागदावर काढलं आणि मग उभं केलं. लाल गुळगुळीत जमीन, मंगळुरी कौलं, मागे अ‍ॅव्होकाडोचं, इथल्या भाषेत बटरफ्रूटचं झाड. आता तेच घर पाडायचे कागद आठ महिने त्यांच्या उशाखाली पडून होते. बिल्डर इथे चार मजले चढवणार होता, त्यातला दुसरा यांचा. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. अण्णांना विचारलं की ते कानडी वळणाने म्हणत, "स्वल्प थांबा."

सुचेता सव्वीस वर्षं थांबली होती. पावसाळ्यात नऊ ठिकाणी पातेली मांडायची, एरवी अंगणातल्या टाकीतून बादलीने पाणी उपसायचं. शेजारणी येऊन म्हणायच्या, काय सुंदर जुनं घर आहे तुमचं. त्यांना तिने एकदा तरी बादली धरायला द्यायला हवी होती. तिला फ्लॅट हवा होता. नळ फिरवला की पाणी येणारा. त्यात तिला काही लाज वाटत नव्हती.

त्यामुळे अण्णा कागद सोडून दुपारभर भिंग घेऊन त्या जनावराला न्याहाळत बसायला लागले, तेव्हा तिचं डोकंच फिरलं. एवढा शिकला-सवरला माणूस, आणि वाचतो काय तर घोरपड. तेही न कळणाऱ्या भाषेत.

अण्णांनी तिला शेजारी बसवून त्यातल्या एका पुस्तकाची गोष्ट समजावली. पुस्तक उघडतं तेव्हा सगळं शहर ढिगाऱ्यात असतं. मग हा येतो. पाय टेकतो, आणि उचलतो तर खालून इमारत उभी. पेटलेला जाळ तोंडाने ओढून घेतो. आडवी झालेली झाडंसुद्धा सरळ होतात. माणसं आपापल्या घरी जातात, दारं लावून जेवायला बसतात. काम झालं की हा समुद्रात परत जातो, तेही शहराला पाठ न दाखवता, आपण गाभाऱ्यातून निघतो तसा.

"मेस्त्री आहे हा," अण्णा म्हणाले. "चांगला मेस्त्री."

"आपल्या कौलांना तीनदा निरोप धाडला तरी मेस्त्री येत नाही," सुचेता म्हणाली, "आणि यांचा समुद्रातून चालत येतो."

अण्णा हसले नाहीत. दोन आठवडे त्यांनी तीच पानं पुन्हा पुन्हा उलटली आणि एका शनिवारी जेवण झाल्यावर जाहीर केलं, "सरी, ठीक आहे. सोमवारी बोलवा त्या बिल्डरला. पडतं ते उभंही राहतं, म्हणायचं."

वासुदेवने आनंदाने दुसऱ्यांदा ताक मागितलं. सुचेताला आयुष्यात पहिल्यांदा त्या घोरपडीबद्दल बरं वाटलं.

रविवारी अण्णांची खोली झाडताना तिने पुस्तक उचललं, आणि पानाच्या कोपऱ्यातले आकडे तिला दिसले. पहिल्या पानावर तीनशे चौऱ्याण्णव. पुढच्या पानावर तीनशे त्र्याण्णव. ती खाटेवर बसलीच. पुस्तक उलटीकडून सुरू होत होतं. चार महिने त्या देशात राहून आलेल्या तिच्या इंजिनियर नवऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं.

तिने ते तिकडून उघडलं. जनावर समुद्रातून वर आलं. बेताल, बुद्दू, खाली काय आहे ते न बघणारं. पहिला पाय एका घरावर पडला. त्या घरात गॅसवर किटली होती, पुढच्या चित्रात नव्हती. मग पूल, मग शाळा, मग पूर्ण गल्ली. मूर्खपणा, सुचेता स्वतःशी म्हणाली, आणि पान उलटलं. उलटण्याचा वेग वाढत चालला हे तिला जरा उशिराच कळलं. पायाखाली अजून काय काय येतंय ते तिला बघायचं होतं. तिने मनातल्या मनात त्या पायाखाली अंगणातली टाकी ठेवली. नऊ पातेली ठेवली. नणंदेचं काचेचं शोकेसही ठेवलं, त्यातल्या बाहुल्यांसकट. कुणाची सही नको, स्वल्प थांबा नाही. टाय लावलेले बाप्ये सकाळी सकाळी हे का वाचतात ते तिला कळलं, आणि कळल्याचा भयंकर राग आला.

मग किटलीचं घर पुन्हा बघितलं. दारात आपल्यासारखीच तीन पायऱ्या होत्या.

गप्प राहिलं तर उद्या सही होणार होती. अण्णा समजून चालले होते की मेस्त्री येतोय. दिवसभर तिने तीन भाज्या चिरल्या, एकीत मीठ घालायचं राहिलं. रात्री नवऱ्याला काही सांगितलं नाही, त्याला सांगून उपयोग नसतो.

सोमवारी सकाळी चहा घेऊन ती अण्णांच्या खोलीत गेली. पुस्तक मांडीवर होतं, कागद बाजूला, पेन कागदावर.

"अण्णा, तुम्ही हे उलटं वाचताय," ती म्हणाली. "आकडे बघा. तो बांधत नाहीये. पाडतोय."

अण्णांनी चहाचा घोट घेतला. कप छोटा होता, त्यांच्या बोटांत मावत नव्हता.

"अडतीस वर्षं कागदाच्या कोपऱ्यातला आकडा आधी बघायची नोकरी केली मी," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी सरळ वाचलं होतं. दोनदा."

"मग?"

"सरळ वाचलं की सही होत नाही गं."

बाहेर बिल्डरची गाडी थांबल्याचा आवाज आला. वासुदेव फाटकाकडे धावला. सुचेताने मांडीवरचं पुस्तक घेतलं, सुलटं मिटलं, आणि अण्णा ज्या बाजूने उघडत त्या बाजूने, ढिगाऱ्याच्या पानावर उघडून परत त्यांच्यासमोर ठेवलं.

"झाडाचं सांगून ठेवा त्याला," ती म्हणाली. "बटरफ्रूटचं. या असल्या लोकांच्या लक्षात राहत नाही."

अण्णांनी भिंग उचललं. बाहेरची मंडळी चपला काढून आत येईपर्यंत वेळ होता. सुचेता खाटेच्या कडेला टेकली आणि पहिलं पान तिनेच उलटलं.