बिडाच्या पाइपाचा पंचनामा

"या घरात आजपासून ठिगळ लावणं बंद. जे होईल ते मुळापासून होईल," असं मधुसूदनरावांनी न्हाणीघराच्या दारातून जाहीर केलं. जाहीर करताना ते पाटावर उभे होते, कारण खाली घोट्याएवढं साबणाचं पाणी साचलं होतं.

उस्मानपुऱ्यातलं घर चाळीस वर्षांचं, आणि सांडपाण्याचा बिडाचा पाइपही तेवढ्याच वयाचा. महिनाभर तो तुंबत होता, आणि महिनाभर त्यांच्या पत्नी भानुमतीबाई सिंकखाली बादली ठेवून, भरली की ती मागच्या पेरूला नेऊन ओतत होत्या. पेरू खूश होता. बाईंची कंबर मात्र खूश नव्हती.

फकिरा प्लंबर आला. झाकण उघडून त्यानं तार घातली आणि दोन मिनिटांत म्हणाला, "साहेब, आतून गंजून चाळणी झालीय. जोड मारला तर दिवाळीपर्यंत चालंल. बदलला तर तुमच्या नातवालाबी बघावं लागणार नाय."

"हे लेखी दे."

"काय?"

"तुझं मत. खाली सही."

फकिरानं हातातल्या पान्याकडं बघितलं. "म्या पाइप बसवतो साहेब, अर्ज नाय लिवत," म्हणाला आणि गेला.

पण मधुसूदनरावांची बत्तीस वर्षं तहसील कचेरीत गेलेली. पंचांच्या सह्या झाल्याशिवाय पडलेली भिंतसुद्धा पडली असं त्यांनी कधी मानलं नव्हतं. शेजारचे आप्पासाहेब आणि पुंजाराम पंच म्हणून आले. पाइपाची चतुःसीमा लिहिली गेली: पूर्वेस पेरू, पश्चिमेस मोरी. 'गळती समक्ष पाहिली' या शब्दांपाशी आप्पासाहेब अडले. "गळती म्हणू नका, पाझर म्हणा. गळती लई जबाबदारीचं काम आहे." चहा झाला. कप सिंकमध्ये गेले. बादली भरली. दुसऱ्या बैठकीत पुंजारामांनी दुरुस्तीची बाजू घेतली, तिसऱ्या बैठकीत बदलण्याची, आणि चौथ्या बैठकीत भज्यांची. दर बैठकीनंतर भानुमतीबाई पेरूकडं जाऊन येत.

"अहो, बुधवारी नळ येणार," त्या म्हणाल्या. नळ आठवड्यातून एकदा यायचा, आणि घरचं सगळं धुणं त्याच दिवशी निघायचं. "तेवढं पाणी बादलीनं नाही उपसायचं माझ्याच्यानं."

"घाईत निर्णय नको. स्थळपाहणी राहिलीय."

मंगळवारी तिघंही फुलंब्रीला गेले, आप्पासाहेबांच्या मेहुण्याचा नवा प्लास्टिकचा पाइप पाहायला. तो जमिनीत पुरलेला असल्यामुळं दिसला नाही. मेहुण्यानं भरीत आणि ज्वारीच्या भाकरी मात्र वाढल्या, आणि पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं.

संध्याकाळी परतल्यावर चहा घेऊन मधुसूदनराव अंगणात उभे राहिले आणि चष्मा लावून त्यांनी वाचलं, "सबब, सदरहू पाइप मुळासकट बदलण्यात यावा."

"बदलला," भानुमतीबाई म्हणाल्या. "तुमची बस सुटली आणि फकिरा आला. तीन वाजता मोकळा झाला."

पेरूशेजारी जुना पाइप उभा होता. त्यावर दोडक्याचा वेल चढवूनही झाला होता.

"कोणाच्या आदेशानं?"

"माझ्या कमरेच्या."

पंचांनी आपापल्या चपला शोधायला घेतल्या. मधुसूदनरावांनी कागदाकडं पाहिलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, खाली तीन सह्या.

"मग या निर्णयाचं आता काय करायचं?"

"फायलीला लावा. आणि आत जाताच आहात, तर हे कप तेवढे विसळून टाका. पाणी नीट जातंय का ते कळेल."