घरातली दुसरी बाई

पाण्याचा हंडा कमरेवर घेऊन मालनबाई दारापाशी आली आणि थबकली. आत एक बाई बोलत होती.

आवाज तरणा होता, खणखणीत होता आणि इतका घाईचा होता की एक शब्द कळेल तर शपथ. मध्येच कडुबा ‘हां’ म्हणाला आणि चक्क हसला. नवरा हसला याचंच मालनबाईला आधी नवल वाटलं. उन्हाळा लागल्यापासून त्या घरात हसण्यासारखं काही घडलं नव्हतं. नळ कोरडे होते, टँकर मनाला येईल तेव्हा यायचा आणि मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत दारोदार निळे ड्रम राखणीला बसल्यासारखे उभे होते.

तिनं हंडा मुद्दाम दाणकन टेकवला. त्यात घोटभर पाणी सांडलं, त्याचा चटका वेगळाच बसला. आतली बाई गप्प झाली.

“कोण व्हतं?”

“कोण आसंल?” कडुबा खाटेवर बसला होता, मांडीवर काळ्या पाटीसारखा काहीतरी तुकडा. “फोन हाय. भारत सरनं दिलाय. त्याच्यावर बोट फिरवलं की काय लिव्हलंय ते बोलून सांगतोय.”

“आन बाईच बोलती व्हय त्यात? बाप्या नाय मिळाला?”

“कंपनीला इचार.”

“केवढ्याला दिला?”

“वापरायला दिलाय,” कडुबा म्हणाला आणि तुकडा खिशात घातला.

वापरायला या शहरात कुणी पाणीसुद्धा देत नव्हतं. भारत सर स्वतः आंधळे, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत आंधळ्या पोरांना संगणक शिकवायचे. भला माणूस, पण त्यांच्या अंगावरचा शर्ट वर्षभर तोच होता. असला माणूस फोन वाटत सुटेल हे मालनबाईला पटण्यासारखं नव्हतं. फोनचा पडदा काळा कुळकुळीत होता, त्यावर उजेड म्हणून नव्हता, आणि अंधारातून ती बाई बोलायची. मालनबाईला ती पहिल्या दिवशीच आवडली नाही.

यात नुसता सवतीमत्सर नव्हता. कडुबा लहानपणी गोवरात आंधळा झाला, फुलंब्रीकडच्या खेड्यातून अंधशाळेत गेला आणि वेताच्या खुर्च्या विणायला शिकला. शहरातल्या निम्म्या साहेबांच्या पाठी त्याच्या विणकामावर टेकल्या असतील. असल्या नवऱ्याला मालनबाईनं कसा काय होकार दिला, म्हणून सगळं गाव हळहळलं होतं. तिची माय तर रडून रडून आजारी पडली. मालनबाई रडली नव्हती. तिनं आपला हिशेब केला होता. तिच्या थोरल्या बहिणीला नवऱ्यानं टाकली होती, चुलत बहिणीला टाकली होती. जो आपल्याशिवाय दोन रस्ते ओलांडू शकत नाही तो आपल्याला टाकून जाणार कुठं? हिशेब बरोबर निघाला. ती त्याचे डोळे झाली. चौथी शिकलेली होती, तेवढं पुरलं. खुर्च्यांच्या पावत्या तिनं वाचल्या, नोटा तिनं मोजल्या, आणि रोज संध्याकाळी शेजारच्या सत्यशीलाकडून पेपर आणून पहिल्या पानापासून तिनं त्याला वाचून दाखवला. लेक करुणा लग्न होऊन सिल्लोडला गेली, तरी घर चालत राहिलं.

पण मागच्या दिवाळीपासून पेपरातली अक्षरं फुटायला लागली. बाजूचं सगळं दिसायचं, भिंत, ड्रम, येणारंजाणारं माणूस. जिथं नजर रोखावी तिथं मात्र काचेवर अंगठा उमटल्यासारखा डाग. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, हा साखरेमुळं पडदा खराब होतोय, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, घरच्यांना घेऊन या. घरच्यांना! मालनबाई परत गेलीच नाही. घरी सांगायचं म्हणजे कडुबाला सांगायचं, आणि डोळे गेलेल्या बाईचा आंधळ्याला उपयोग काय? हे तिनं स्वतःला अगदी याच शब्दांत विचारलं होतं, आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नव्हतं.

तेव्हापासून ती पेपर डोक्यातून वाचायची. टँकरच्या रांगेत जे कानावर पडेल ते संध्याकाळी बातमी होऊन बाहेर यायचं. कधी रांगेतही नवं काही नसलं तर ती आपल्या पदरचं घालायची. मागच्याच आठवड्यात तिनं नाशकाकडं धो धो पाऊस पाडून धरणात पाणी आणलं होतं. कडुबा ‘बरं झालं’ म्हणाला होता, एवढंच.

आता ही फोनमधली बाई खरा पेपर वाचून दाखवायला लागली म्हणजे संपलंच.

रात्रीच्या जेवणाला तिनं परत विषय काढला. “खरं सांगा, केवढ्याचा हाय?”

कडुबानं सरळ उत्तर दिलं नाही. तो चष्म्याची गोष्ट सांगत बसला. “भारत सरकडं शेंद्र्याच्या कारखान्यातनं कंपनीवाले आलते. असा चष्मा आणलाता, डोळ्यावर घातला की समोरचं सगळं वाचून दाखवतोय. दीड लाखाचा. मह्या नाकावर ठिवला त्यांनी. भितीवरचं कॅलेंडर वाचलं, बाटलीवरचं नाव वाचलं. मंग फोटो काढला. फोटो झाला की चष्मा काढला आन मह्यासमोरच फडक्यानं पुसला.”

“पुसला?”

“किर्र किर्र आवाज आला ना काच पुसल्याचा. दीड लाखाला आंधळ्याच्या नाकाचा घाम लागला व्हता.” तो हसला. बोलता बोलता त्याचं बोट तोंडात गेलं, मग ताटाच्या कडेला टेकलं. मालनबाईचं तिकडं लक्ष नव्हतं. तिच्या डोक्यात दीड लाख घुसले होते. चष्म्याची गोष्ट सांगून हा फोनची किंमत लपवतोय, हे तिनं ओळखलं.

त्यात दुपारी जेवून कडुबा एकटाच काठी टेकत जायला लागला. सरांच्या वर्गाला, म्हणे. दोन वर्षांपासून त्याला धड काम नव्हतं. कचेऱ्यांत चाकांच्या गुबगुबीत खुर्च्या आल्या, शहर शेंद्र्याला जाऊन भिडलं, आणि वेताच्या खुर्च्या भंगारात गेल्या. घरी बसलेला माणूस रोज बाहेर पडतो, हे एरवी बरंच वाटलं असतं. पण तो परत यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला वास यायचा. मालनबाईनं शर्ट नाकाला लावून खात्री करून घेतली. गुलाबाच्या साबणाचा वास होता, आणि त्याखाली कसलातरी उग्र. संगणकाला गुलाबाचा वास येत नसतो, एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं.

भर म्हणून सत्यशीलानं काडी टाकली. “काकू, काका मोबाईल समोर धरून कायतरी बघत व्हते. दिसायला लागलं का काय त्यांला?”

“तुहं आपलं कायतरीच,” मालनबाई म्हणाली. पण त्या दिवशी चूल पेटवताना ती त्याच्याकडं पाठ करून बसली. दिसत असेल तर काय काय दिसलं असेल, या विचारानं तिला उगाच शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या मागोमाग निघाली. चपला हातात घेतल्या, बांगड्या कोपराकडं सारल्या, आणि मधे चांगलं अंतर ठेवून चालली. उन्हानं पाय भाजत होते. कडुबा समाजमंदिराकडं वळलाच नाही. तो थेट जालना रोडला गेला, कुणा पोराच्या हाताला धरून पलीकडं झाला, आणि नव्या दुकानांच्या रांगेमागं एका बैठ्या इमारतीसमोर टेबलामागच्या खुर्चीवर जाऊन बसला. इमारतीवर काय लिहिलंय ते तिला वाचता येईना. पण वाऱ्याबरोबर वास आला, गुलाबाचा साबण आणि फिनाईल, आणि तिला पाटीची गरज उरली नाही.

पैसे देऊन जायचा संडास होता तो. खुर्च्या विणणारा कडुबा तिथं नाणी गोळा करत बसला होता.

तिला रडू आलं आणि रागही आला. बाई असती तर भांडता तरी आलं असतं. पण सत्यशीलाचे शब्द डोक्यातून जात नव्हते. दिसतं की नाही, एकदाचा सोक्षमोक्ष लावू, असं ठरवून तिनं पदर तोंडावर घेतला, पुढं झाली, कनवटीची वीसची नोट काढून टेबलावर ठेवली आणि श्वास धरून उभी राहिली.

कडुबानं नोट चाचपली. मग खिशातून फोन काढून नोटेवर धरला. बाई ताबडतोब बोलली, तिच्या त्या सुसाट हिंदीत, पण एवढं मालनबाईला कळलं. दो सौ रुपये.

तिनं नोटेकडं परत पाहिलं. नारिंगी दिसली म्हणून तिनं जुनी वीसची समजली होती. टँकरवाल्याला परवा अशीच एक दिली होती, तीही वीसची म्हणून.

कडुबानं नोट बोटांनी तिच्याकडं सरकवली. त्यानं मान वर केली नाही. “बाई, ही दोनशेची हाय,” तो म्हणाला. “परत घ्या. समद्यायजवळ असा फोन नसतोय.”

तिनं नोट उचलली. कनवटीला परत खोचली.

“डाव्या अंगाला रस्ता खणलाय,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “सावलीसावलीनं जा. आन चपला पायात घाला, ऊन लई हाय.”

ती आत न जाताच माघारी फिरली. वाटेभर एकच गोष्ट ती घोळवत होती. हातातल्या चपला त्याला दिसल्या की कळल्या? घरी येईपर्यंत उत्तर तिचं तिलाच सापडलं. इतकी वर्षं तिच्या पावलांचा आवाज धरून चालणारा माणूस होता तो. अनवाणी पावलांना तो फसणार होता थोडाच.

संध्याकाळी कडुबा आला, हातपाय धुवायला वाटीभर पाणी घेतलं आणि खाटेवर बसून म्हणाला, “पेपर वाच की.”

सत्यशीलाकडचा पेपर तिच्या मांडीवर होता. तिनं तो उघडला. पहिलं पान म्हणजे पांढऱ्यावर काळी राख. पाऊस पाडावा, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग तिनं पेपराची घडी घातली.

“दिसत नाय मला,” ती म्हणाली.

“ठावं हाय.”

“आज कळलं?”

“संक्रांतीपासून. डाळीत खडं यायला लागलं. आयुष्यात तुह्या हातच्या जेवणात खडा लागला नव्हता मला.” तो म्हणाला, “आधी वाटलं, मन उडालं असंल तुहं. काम ना धंदा, आंधळ्याला कुठवर पोसावं. कुणी बी कटाळंल. म्हणून मी खडं ताटाच्या कडंला ठिवायला लागलो. म्हणलं, ताट घासताना दिसंल, काय बोलती बघू. तू रोज ताट घासलं, एका शब्दानं बोलली नाय. तवा कळलं.”

म्हणजे तोही तिच्यावर संशय घेत होता, इतके दिवस, एकाच घरात, एकाच ताटाशी. मालनबाईला याचा राग यायला हवा होता. तो आला नाही, तिनं पेपर बाजूला सारला.

“मला इचारायचं.”

“तू खोटं बोलली असती. धरणात पाणी आणलं तसं.”

ती हसली की रडली ते तिलाच कळलं नाही. “आन म्हणून संडासापाशी जाऊन बसले? कसबी माणूस तुमी.”

“बसायला खुर्ची देत्यात,” कडुबा म्हणाला. “प्लास्टिकची. फोन वापरलेला हाय, सरच्या वळखीनं उधारीवर मिळाला. पावसाळा सरंस्तोर बसलो की फिटंल. घरात एका तरी डोळ्याची सोय पायजे ना. उद्या सुट्टी सांगितलीय, दवाखान्यात जाऊ. तुह्या पिशवीतला दवाखान्याचा कागद फोननं वाचून दाखवलाय मला, ते इंजेक्शन केवढ्याचं हाय ते मी इचारतो.”

बाहेर कुणाच्यातरी ड्रमवर पत्रा ओढल्याचा आवाज झाला. मालनबाईनं जे इतके महिने कुणाला विचारलं नव्हतं ते आता विचारलं. “मंग आता मी कशाला लागते तुमाला?”

कडुबानं खिशातल्या फोनवर हात ठेवला. त्याला असल्या बोलण्याची सवय नव्हती. “ह्या बाईला डाळ निवडता येत नाय,” तो म्हणाला.

“मला तरी कुठं येतीय आता.”

“म्हणून म्हणलं, सूप हिकडं आण. बोटं हायेत की मला.”

तिनं सूप त्याच्या मांडीवर दिलं, जवळ एक स्टीलची वाटी ठेवली. त्यानं खिशातून फोन काढला, त्यावर बोट फिरवत राहिला, आणि ती बाई बोलता बोलता दमत गेल्यासारखी हळू झाली, आणखी हळू झाली, करुणाला पहिलीत बाई धडा सांगायच्या तशी एकेक शब्द सुटा बोलायला लागली.

“हळू बी बोलती व्हय ही?”

“मला तेवढा दम निघत नाय, म्हणून पळवतो तिला. धर. एक बोट ठिव आन सरकव.”

मालनबाईनं फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, वाकडा करून पाहिला. बोट भलतीकडंच पडत होतं.

“तसं नाय,” कडुबा म्हणाला. “डोळं मीट.”

“काहून?”

“उघडं असलं की माणूस बघाया जातोय, आन बोट चुकतंय.”

तिनं डोळे मिटले. महिनोन् महिने जिथं पाहावं तिथं आडवा येणारा तो डाग दिसेनासा झाला. तिनं बोट सरकवलं. बाईनं किती वाजले ते सांगितलं, सावकाश, हिंदीत. तिनं परत सरकवलं. शेजारी कडुबाची बोटं सुपात फिरत होती. वाटीत टिचकन एक खडा पडला, थोड्या वेळानं दुसरा. मालनबाईनं डोळे उघडले नाहीत.