डी म्हणजे डावा

“एकदा हे आटे पाडले ना पुंजाभाऊ, मग ती परत फ्रेंच व्हायची नाय. नीट इचार कर.”

हिरामणकाकांनी आटे पाडायच्या टॅपचं टोक पोत्याच्या तुकड्याने पुसलं आणि माझ्या वडिलांकडे, दादांकडे, पाहिलं. शेडच्या पत्र्याला पडलेल्या भोकांतून सकाळचं ऊन खाली आलं होतं. कोपऱ्यात आई गुलाबाच्या गड्ड्या बांधत होती, आणि मधोमध, फुलांच्या क्रेटवर उलटी करून ठेवलेली, ती पांढरी प्यूजो सायकल होती. दादा बाजेवर बसले होते. डावा हात त्यांनी उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला होता. कुणीतरी सांभाळायला दिलेली वस्तू ठेवावी तसा.

“धा वर्सं इचारच केला,” दादा म्हणाले. पण ‘पाड’ असं काही म्हणाले नाहीत.

“पाडायचे तं पाडा, नाय तं टांगा तिला परत भितीला,” आई मान वर न करता म्हणाली. “माझी जागा आडवलीय तिनं.”

“वयनी, सवतीवर एवढा राग?”

“एक असती तं निभावलं असतं, भाऊ. तीन हायेत.”

सवती हा आईचाच शब्द. तिन्ही फ्रेंच सायकली शेडच्या भिंतीला, खुंट्यांवर, आडव्या टांगलेल्या असत. मखमलाबादच्या आमच्या मळ्यातला गुलाब दादा रोज पहाटे गणेशवाडीच्या फुलबाजारात नेत, तो मात्र काळ्या देशी सायकलवरून, मोठ्या कॅरिअरवर पाटी बांधून. फ्रेंच सायकलींवर कधी एक पाकळीसुद्धा गेली नाही. त्यांच्यासाठी दुपार असे. जेवण झालं की दादा त्यातली एक खाली काढत, रॉकेलच्या डब्यात साखळी बुडवत आणि जुन्या धोतराच्या चिंधीने एकेक तार पुसत बसत. आमच्या भावकीत कुणी पत्ते खेळे, कुणी भजनात टाळ धरी. दादांचं हे.

पांढरी पहिली. दादा देवळालीला एका पारशी बाईंकडे गुलाब पोचवत. बाईंच्या भावाने तरुणपणी ती बोटीतून आणली होती. भाऊ गेला, सायकल गॅरेजात धूळ खात राहिली. बाई बंगला सोडून मुंबईला निघाल्या तेव्हा म्हणाल्या, “पुंजाराम, तूच घेऊन जा नी. भंगारवाला तिचा जीव घेशे.” दादांनी ती एका हाताने उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. इतकी हलकी सायकल त्यांनी पूर्वी कधी उचलली नव्हती. पुढे ते हे नेहमी सांगत, “मला वाटलं, आत काय नाहीच.” मग निळी मिळाली, पंचवटीतल्या एका लॉजमधून. कावीळ झाल्यामुळे विमानाने परत गेलेल्या एका प्रवाशाची. आणि हिरवी भंगार बाजारात, खिडक्यांच्या गजांखाली दबलेली. या दोन्ही दादांनी उभ्या केल्या, रविवारी धरणाच्या रस्त्याने चालवल्याही. सगळ्यात लाडकी पांढरी. ती एकदाही चालली नाही.

त्याला कारण एक अक्षर.

ते त्र्याण्णव साल असावं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. दादांनी सबंध पावसाळा खपून पांढरी शेवटच्या छऱ्यापर्यंत खोलली. पेडलच्या मधल्या आसाचा उजवा कप, छरे बसतात ती वाटी, काही केल्या सुटेना. आपल्या सायकलींचा तो कप उलटा फिरवावा लागतो, हे दादांच्या हाताला पाठ होतं. अर्धा दिवस झटापट झाली. शेवटी वैतागून त्यांनी पाना दुसऱ्या बाजूला ओढला, आणि कप लोण्यातून निघावा तसा निघाला. दादा खूश झाले. “यांचं सगळं उलटं असतं बरं का,” त्यांनी मला ऐकवलं.

तो आनंदच नडला. सगळं जोडून झालं, पेडल राहिली. एकाच्या दांड्यावर ‘डी’ कोरलेला होता, दुसऱ्याच्या ‘जी’.

“डी म्हंजे डावा,” दादा म्हणाले.

“आणि जी?” मी विचारलं.

“आसंल कंपनीचं काही.”

डावीकडच्या क्रँकमध्ये, पेडल बसतं त्या दांडीत, ‘डी’ पेडल धरेना. दादांनी ते उलट फिरवून पाहिलं, सुलट फिरवून पाहिलं. मग हसून म्हणाले, “हेबी उलटंच आसणार,” आणि पान्याला लोखंडी पाइप लावून जोर केला. पेडल गेलं आत. दोन वेढे गेलं. खाली रुपेरी कीस पडला. क्रँक ॲल्युमिनियमचा, पेडलचा दांडा पोलादाचा; क्रँकचे आटे पार खरवडून गेले होते. दादांनी कीस बोटावर घेऊन पाहिला आणि ते तिथेच, जमिनीवर, बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या लायब्ररीत फ्रेंच शब्दकोश काढला. द्र्वात म्हणजे उजवा. गोश म्हणजे डावा. घरी येऊन सांगितलं. दादांनी पेडलवरचं अक्षर अंगठ्याने पुसून पाहिलं.

“म्हंजे त्यांचा डावा उजवीकडं आसतो,” शेवटी ते म्हणाले.

“नाही दादा, त्यांचा उजवाच…”

“तेच म्हणतोय मी.”

तेव्हापासून आमच्या घरात ‘फ्रेंच डावा’ हा शब्द रुळला. आई मीठ मागे आणि माझा भाऊ महेश साखरेचा डबा देई, की दादा म्हणत, “फ्रेंच मीठ दिलं बघ तुला.” हसू व्हायचं. पण पांढरी भिंतीवर गेली ती एका पेडलनिशी. ‘जी’ पेडल दादांनी पिवळ्या फडक्यात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं.

हिरामणकाका सातपूरला एका कारखान्यात टर्नर होते आणि दादांचे शाळूसोबती. ते वर्षातून एकदा तरी म्हणत, “आपल्या मापाचे आटे पाडून देतो, चाराण्याचं देशी पायडल लाव न् चालव.” दादा म्हणत, “फ्रेंच सायकलीला फ्रेंच पायडल. नाय तं नाय.” त्या मापाचा डावा क्रँक कुठेतरी मिळेल, यावर त्यांचा भरवसा होता. पुढे मी सिन्नरच्या कॉलेजात ग्रंथपाल झाले. इंटरनेट आलं, तेव्हा मी जुन्या सायकलींच्या हौशी मंडळींच्या एका गटात विचारून पाहिलं. फ्रान्समधल्या ल्योंच्या एका गृहस्थांनी कळवलं, की क्रँक मिळणं कठीण आहे, पण इंग्रजी, म्हणजे तुमच्याकडच्याच, मापाचे आटे पाडून घ्या, आम्हीही अडल्यावर तेच करतो. मी दादांना वाचून दाखवलं.

“ते करतात?” दादांनी विचारलं. “सोताची आसून?”

त्यांना ते लागलं. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

दोन हजार तीनच्या थंडीत, बाजारातून परतताना, दादा काळ्या सायकलवरून एका बाजूला कलले ते सावरलेच नाहीत. मी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर आईला समजावत होते, की डाव्या बाजूवरून वारं गेलं आहे. दादांचं तोंड वाकडं झालं होतं. डोळे माझ्याकडे होते. मी वाकले.

“इचार त्यांना,” ते जड जिभेने म्हणाले, “आपला डावा का फ्रेंच?”

मी बाहेर येऊन व्हरांड्यात रडले. पण ते रडणं सुटकेचं होतं. आत आमचे दादा होते.

पुढच्या महिन्यांत ते काठी घेऊन फाटकापर्यंत जायला लागले. फुलं महेश मोटारसायकलवर नेऊ लागला. डॉक्टर म्हणाले, फारच चांगली सुधारणा आहे. दादांना तसं वाटत नव्हतं. बाज शेडमध्ये असायची, पण ते भिंतीकडे पाठ करून बसत. एका रविवारी मी आले तर म्हणाले, “साधना, पांढरी काढ.”

“पुसायची का?”

“बसायचंय.”

निळी आणि हिरवी उंच. पांढरी तेवढी बुटकी, कारण बाईंचा भाऊ चणीने लहान होता. मी आणि महेशने दोन्हीकडून धरलं. दादांनी उजवा पाय कसाबसा पलीकडे टाकला. त्यांचे दोन्ही तळवे जमिनीला टेकले. कितीतरी वेळ ते तसेच उभे होते, हँडलवर उजवा हात, आणि डावा आम्ही ठेवलेला. मग त्यांनी खाली पाहिलं. उजवीकडे पेडल होतं. डावीकडे नुसतं भोक.

म्हणून हिरामणकाका आले होते.

“काय करू मग?” काकांनी पुन्हा विचारलं. “पाडू का नको?”

दादांनी डावा हात पुन्हा एकदा उचलून नीट ठेवला. “डॉक्टर काय म्हनला, ठाव हाय का हिरामण? गेलं ते गेलं. राह्यलंय त्याच्यात नवी सवय पाडायची.”

“बरं मग?”

“मग काय. पाड.”

काकांनी तेल सोडलं. टॅप एक वेढा पुढे, अर्धा मागे, पुन्हा एक वेढा पुढे. डावं पेडल चालवताना सुटू नये म्हणून त्याचे आटे उलटे असतात. तेव्हा हा टॅपही उलटा. कीस पडला, तसाच रुपेरी. या वेळी दादांनी तो उचलला नाही. आईने गड्डी बांधायची थांबवली होती. काकांनी खिशातून नवं, रबरी, कागदात गुंडाळलेलं देशी पेडल काढलं.

“ते नको,” दादा म्हणाले. “काळीचं काढ.”

“आरं झिजलंय ते पार!”

“झिजू दे. त्याला माझा पाय ठाव हाय.”

काळ्या सायकलचं डावं पेडल पांढरीला बसलं. दिसायला ते विजोड होतं, रेशमी सदऱ्याला गोणपाटाची बाही लावावी तसं. पण फ्रेंच पेडलच्या पत्र्याच्या दातांवरून दादांचा तो पाय घसरलाच असता. रबरावर तो टिकला.

“दात नायेत बिचाऱ्याला,” काका म्हणाले.

“मला तरी कुठं हायेत?” दादा म्हणाले.

आमच्या मळ्याच्या मागून गंगापूर धरणाचा पाट जातो. पाटाच्या कडेचा रस्ता मुरमाचा, सपाट, वर्दळ नसलेला. तिथे नेलं. महेश मागून सीट धरायला सरसावला, तर दादांनी मान हलवली.

“तू नको. तुझ्या आईला बोलव.”

“मला?” आई गुलाबाची पानं पदरावरून झटकत आली. “आता सवतीवर बसवायलाबी मीच का?”

“डावीकडं ऱ्हा. लग्नात भटजीनं सांगितलं व्हतं ना, डावीकडं बस म्हणून? तीच जागा.”

“तवा सांगितलं न्हवतं, पळायला लागंल म्हणून.”

पण ती डावीकडे गेली. एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला, दुसरा हँडलवरच्या त्यांच्या डाव्या हातावर. दादांनी उजवं पेडल दाबलं. सायकल निघाली, आईच्या बाजूला कलली, आईने खांद्याने सावरली. डावा पाय नुसता पेडलबरोबर वर येत होता, खाली जात होता. काही वेळाने, माझ्या नजरेचा भास म्हणा, तोही थोडं दाबू लागला. मी रस्त्यावर उभी राहून पाहत होते. आई मोठ्याने बोलत होती, “हळू! अहो हळू! कुठं निघालात, बाजार उठला कधीच!” आणि दादा हसत होते. तोंड अजून वाकडंच होतं, त्यामुळे हसू एका बाजूनेच दिसे.

त्यानंतर ती दोघांची संध्याकाळ झाली. आई चहाची भांडी घासून पदर खोचे आणि निघे. पुढे तिला फक्त हात लावावा लागायचा, मग तोही नाही. ती नुसती डावीकडून चालायची, आणि दादा तिच्या चालीच्या वेगाने पेडल मारायचे. कधी खोडीने पुढे निघून जायचे आणि पाटाच्या मोरीवर टेकून तिची वाट बघायचे. “चालत राह्यलं की आवळून ऱ्हातं,” ते मला म्हणाले होते. पेडलबद्दल.

दादा गेल्या फाल्गुनात गेले, झोपेत.

परवा पुण्याहून एक गृहस्थ आले. जुन्या सायकली जमवणारे, सभ्य, हळू बोलणारे. त्यांनी निळीवरून आणि हिरवीवरून हात फिरवला तो मला आवडला. गाईच्या अंगावरून फिरवावा तसा होता. पांढरीजवळ ते खाली बसले.

“फार सुंदर काम आहे. फक्त हे डावं पेडल…”

“ओरिजिनल आहे, डब्यात,” मी म्हटलं. पिवळं फडकं सोडून दाखवलं. ‘जी’ अक्षर कालच कोरल्यासारखं होतं.

“अरे वा! मग हिचं मी बघतो. क्रँक आहे माझ्याकडे तसला. अगदी पहिल्यासारखी होईल.”

मी आईकडे पाहिलं. ती गड्ड्या बांधत होती. तिने दोरा दातांनी तोडला.

“त्या दोघी न्या तुम्ही,” ती म्हणाली. “चांगल्या ठेवसाल, दिसतंय. हे पायडलबी न्या. ही ऱ्हाऊ द्या.”

“ताई, पण ती अपुरी…”

“हिच्यासंगं मी चाललेली हाय,” आई म्हणाली.

ते गृहस्थ शहाणे. ‘जी’ पेडल त्यांनी रुमालात ठेवलं, दोन्ही सायकली टेम्पोत ब्लँकेट घालून निजवल्या आणि आईला वाकून नमस्कार केला.

भिंत मोकळी झाली. ऊन कलल्यावर मी पांढरी बाहेर काढली, हवा पाहिली आणि पाटाच्या रस्त्याला आणली. डाव्या पेडलवर पाय ठेवला. रबर बाहेरच्या कडेला झिजून खोलगट झालं होतं. माझा पाय लहान, तो त्या खळग्यात सरकून बसला.

मागे चपला वाजल्या. आई पदर खोचत येत होती.

“तुला येते ना चालवता?” तिने विचारलं.

“येते की. तू कशाला आलीस?”

ती सायकलला वळसा घालून डावीकडे गेली आणि चालायला लागली.