लिंबू आधी उडतं

“अंबुअक्का, आज अत्तरानं आंघोळ केलीत काय हो?”

प्रश्न विचारला भाग्यलक्ष्मीनं, पण तो होता वठारातल्या, म्हणजे चाळीतल्या, चौघी पोरींचा. नळाजवळ घागरींच्या आड बसून सगुणानं पैज घातली होती, “एवढं भाषणाचं बक्षीस घेऊन आलीस नव्हं? मग जा, विचार की!” आणि भागूला सध्या कुणी ‘विचार की’ म्हणायचाच अवकाश असे. पंधरावं संपत आलेलं, आणि अख्ख्या शाळेपुढं न अडखळता दहा मिनिटं बोलून आल्यापासून जगात आपण कुणालाही काहीही विचारू शकतो, अशी तिची खात्रीच झाली होती.

अंबुबाई दोरीवर लुगडं वाळत घालत होत्या. त्यांचा हात तिथंच थांबला.

“जास्त झालंय काय गे?” त्यांनी हळूच विचारलं.

“स्वल्प जास्त नव्हे अक्का, मारुतीच्या देवळापर्यंत गेलं असेल!”

घागरींच्या आडून हसू फुटलं. अंबुबाईही हसल्या, पण नुसत्या ओठांनी. ओलं लुगडं बादलीत तसंच टाकून त्या आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. एप्रिलातल्या रविवारी, उन्हं एवढी तापलेली असताना, दार लावून घेतलं.

पैज जिंकली म्हणून सगुणानं भागूच्या हातावर चिंचेची गोळी ठेवली. ती भागूनं तोंडात टाकली खरी, पण गोड काही लागेना.

चामराजपेटेतल्या त्या वठारात अंबुबाईंचं बिऱ्हाड शेवटचं. नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेला. त्या साबणाच्या कारखान्यात झाडलोटीला लागल्या आणि एक दिवस एका पिंपाजवळ थांबून म्हणाल्या, “ह्या तेलात दुसरं काहीतरी मिसळलंय.” खरंच मिसळलेलं निघालं. तेव्हापासून अठरा वर्षं त्या वास घ्यायच्या खोलीत होत्या. येणाऱ्या प्रत्येक तेलात कागदाची पट्टी बुडवायची, नाकाशी धरायची, आणि बरोबर असेल तर म्हणायचं, “सरी.” त्या ‘सरी’शिवाय कारखान्यात एक वडी पडत नसे. कामाच्या दिवशी गजरा नाही, वासाचं तेल नाही, कच्चा कांदा नाही. नाक रिकामं पाहिजे.

रविवार मात्र त्यांचा स्वतःचा. उगादीचा पाडवा झाला की हेरळेकाईच्या, म्हणजे त्या जाड सालीच्या मोठ्या लिंबाच्या, आणि मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, फुलांच्या वासाचं पाणी त्या घरी करत. विधवा बाईनं वास कसला लावायचा, असं म्हाताऱ्या सुरुवातीला कुजबुजल्या. मग त्यांच्याच नातवंडांच्या मनगटांवर अंबुबाईंनी एकेक थेंब लावला आणि कुजबूज थांबली. एकच थेंब. “वास आपल्या मागनं चालला पाहिजे गे, पुढनं नव्हे,” असं त्या सांगत.

आणि आज तर वास दोन घरं पुढं चालत होता. सोनाराचा काटा चुकावा, तसंच हे. भागूला ते आता कुठं उमगलं, आणि उमगल्याबरोबर तिनं गोळी थुंकून टाकली.

तिनं जाऊन दार वाजवलं.

आत अंबुबाई दंडापर्यंत हात धुऊन, कोपरं घासून लाल करून बसल्या होत्या. समोर दोन लहान बाटल्या. एकीच्या गळ्याला लाल दोरा, दुसरीच्या निळा.

“चुकलं अक्का. पोरींनी पैज घातली होती.”

“पैजेचं राहू दे. खरं सांग, अजून येतोय वास?”

“येतोय की. लिंबाचा, अन् मल्लिगेचा. तुम्हाला नाही का येत?”

अंबुबाई बाटलीकडं बघत राहिल्या. “शिवरात्रीला ताप आला होता बघ. ताप गेला, सर्दी गेली. वास परत आलाच नाही. फोडणीचा नाही, फुलाचा नाही, कशाचाच नाही.”

“मग कारखान्यात काय करता?”

“पट्टी नाकाशी धरते अन् सरी म्हणते. अठरा वर्षं म्हटलंय. कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.”

हे सांगताना त्यांनी मान खाली घातली. वठारात नळावरून भांडणं झाली की न्याय द्यायला ज्यांना बोलवायचे, त्या अंबुबाईंनी.

मग बाकीचं बाहेर आलं. उन्हाळ्यासाठी कारखान्यात नवा साबण निघणार होता, हलका, लिंबाचा आणि फुलाचा. त्याचा वास तापाच्या आधी अंबुबाईंनी स्वतः जमवला होता. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या तेलाला ‘सरी’ म्हणायचं नव्हतं, स्वतःचं करायचं होतं. दोन मेळ झाले होते आणि उद्या त्यातला एक ठरवायचा होता.

“कागदावर वास खोटं बोलतो, भागू. घामाच्या कातडीवर, उन्हात, दिवसभर ठेवून बघायला लागतंय. म्हणून लावलं. कळेना, म्हणून अजून लावलं. अन् अजून लावलं…”

भागूनं दोन्ही हात पुढं केले.

“माझ्या कातडीवर लावा.”

उजव्या मनगटावर लालचा थेंब, डाव्यावर निळ्याचा. भागू पायरीवर उन्हात बसली, आणि उंबऱ्याच्या आत अंबुबाई पेन्सिल आणि पाठकोरे कागद घेऊन.

“काय येतंय?”

“दोन्हीकडं लिंबू. नुकतं सोललेलं, डोळ्यात उडतं तसं.”

अर्ध्या तासानं पुन्हा. “लालचं लिंबू गेलं अक्का!”

“जाऊ दे. लिंबू आधी उडतं, त्याचा स्वभावच तो. मागनं फूल येतंय का ते बघ.”

सगुणा येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “काय गे, मनगटं हुंगत बसलीस? मांजर झालीस की काय?”

“म्याँव,” भागू म्हणाली. “जा, दूध आण.”

जेवायला तिनं चमच्यानं भात खाल्ला. आई सोयराबाई म्हणाल्या, “मडमीण झालीस काय?” तरी हात धुतले नाहीत. तीन वाजता लालवरचं फूल एकदम ताजं होतं, जसं पहाटे झाडाखाली उभं राहिल्यावर येतं. आणि निळ्यावर? निळ्यावर मल्लिगे होती खरी, पण…

“पण काय?”

“देवावरच्या कालच्या हारासारखी. आज सकाळी काढून ठेवतो ना, तसली.”

अंबुबाईंची पेन्सिल थांबली. “कुणी शिकवलं तुला हे?”

“कुणी नाही. तसंच येतंय.”

“मला वाटतच होतं, निळ्यात फूल जड झालंय. पण अठरा वर्षात असं नेमकं बोलता आलं नाही बघ मला.” त्यांनी निळ्यावर काट मारली, आणि दिवसभरात पहिल्यांदा पुरतं हसल्या. “उद्या तुझंच वाक्य म्हणते. कुणाला कळणार? शाळेला सुट्टी आहे, येतेस बरोबर?”

येतेस का म्हणजे काय! असं गुपित भागूच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. सोमवारी कारखान्यात जाताना ती बसमध्ये दोनदा उगीचच हसली.

वास घ्यायच्या खोलीत तिथले मुख्य, भीमाचार्य होते. कपाळावर अंगारा-अक्षता, अंगात पांढरा कोट. अंबुबाईंनी लाल बाटली पुढं केली आणि निळीबद्दलचं वाक्य कानडीत जसंच्या तसं म्हटलं. आचार्यांनी दोन्ही पट्ट्या हुंगल्या आणि मान डोलावली. “खरंय. कालचा हार. बरोबर बोललात.”

भागूनं बाकाखाली पाय हलवले. जमलं!

“आणि हे एक,” असं म्हणत आचार्यांनी खिशातून तिसरी बाटली काढली. “शनिवारी उशिरा आलंय. हेच लिंबू-फुलाचं तयार तेल तुमच्या साबणात घालावं असं वर म्हणतात. सरी असेल तर आजच मागवतो.”

अंबुबाईंनी पट्टी बुडवली. नाकाशी धरली. भागूला दिसलं, अक्कांचे ओठ ‘स’साठी सरकले. तो एक शब्द, रोजचा. आचार्यांनी लिहायला दौतीतून टाक उचललासुद्धा.

अंबुबाईंनी पट्टी खाली ठेवली.

“आचार्य, मला वास येत नाही. शिवरात्रीपासून. तेव्हापासून मी सरी म्हटलेलं सगळं परत तपासा. अन् कालच्या हाराचं वाक्य माझं नव्हे, ह्या पोरीचं.”

आचार्यांनी उचललेला टाक परत दौतीत ठेवला. मग त्यांनी पट्टी भागूपुढं धरली. अख्ख्या शाळेपुढं बोललेल्या भागूचा आवाज कुठं गेला कोण जाणे.

“ह्याच्यात… फूल नाहीच. नुसतं लिंबू. अन् पितळ घासल्यावर हाताला येतो तसला वास.”

आचार्यांनी ते वाक्य लिहून घेतलं, बाटली बाजूला सरकवली आणि लालवर खूण केली. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“येईलही म्हणाले. येणारही नाही म्हणाले.”

“उद्यापासून वड्या गुंडाळायच्या विभागात या, अंबुबाई. तिथं बसून काम आहे.”

“सरी,” अंबुबाई म्हणाल्या. आपली पेन्सिल आणि उरलेल्या कोऱ्या पट्ट्या त्यांनी टेबलावर ओळीनं नीट लावून ठेवल्या, आणि बाहेर पडताना मागं वळून बघितलं नाही.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. ‘सरी’ म्हणाल्या असत्या तर काय बिघडलं असतं, आणि नाही म्हणाल्या ते किती बरं झालं, ह्या दोन्ही गोष्टी भागूच्या मनात एकदमच येत होत्या. सिटी मार्केटापाशी बस रेंगाळली, वारा आत आला आणि अंबुबाईंनी सवयीनं नाक वर केलं. मग तसंच खाली घेतलं.

“मल्लिगे,” भागू म्हणाली. “पाणी मारलेली. टोपलीतली.”

अंबुबाईंनी मान वळवली.

“आता कॉफी. भाजताहेत कुणीतरी. आता… अय्यो, जटक्याच्या घोड्यानं घाण केली!”

अंबुबाई अशा मोठ्यानं हसल्या, की कंडक्टरसुद्धा वळून बघू लागला. हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले, आणि पुसतच राहिल्या. “मग?” त्या म्हणाल्या. “थांबलीस का? पुढं काय आलं?”

संध्याकाळी भागूचे अप्पा जयसिंगराव चिकपेटेतलं कापडदुकान बंद करून आले, तेव्हा सोयराबाई हुबळीला न्यायची ट्रंक भरत होत्या. मावशीकडची ही सुट्टी भागूनं संक्रांतीपासून मोजली होती. ती दारात उभी राहिली. भाषणाला उभी राहिली होती तशी नाही, नुसतीच.

“अप्पा, आई, मी हुबळीला येत नाही.”

“काय झालं गे आता?” सोयराबाईंच्या हातात परकर तसाच राहिला. “मावशी वाट बघायलीय!”

“तुम्ही दोघं जा. मी अंबुअक्कांकडं राहते. सुट्टीभर रोज त्या कामावरनं आल्या की आम्ही मार्केटापर्यंत चालत जाणार आहोत. त्या चालतील, अन् मी सांगत जाईन काय काय येतंय ते.”